परिचयातून काढलेली ओळ

आमच्या युनिव्हर्सिटीत विमान सुरक्षेची डिग्री मिळते असं सांगितलं की लोक मला आधी विचारतात, म्हणजे एअर होस्टेसचं का? आता काय डोकं फोडावं यांच्यापुढे. मी त्या डिपार्टमेंटची ऑफिस असिस्टंट, कामिनी. नऊ वर्षं झाली. स्वतः विमानात एकदाही बसले नाही, पण विमान पडू नये म्हणून काय काय करावं लागतं ते मला पाठ आहे, कारण सगळे पेपर मीच टाइप करते. टाइप करताना मी ‘मला’ लिहिते, तोंडानं ‘मले’च म्हणते. पुण्याच्या पाहुण्यांना हसायचं असेल तर खुशाल हसावं.

मागच्या जानेवारीत दिल्लीहून तपासणीची कमिटी यायची होती. डिग्रीची मान्यता पुढं चालू ठेवायची की नाही, अन् कोणाला शिकवू द्यायचं कोणाला नाही, हे तिच्या हातात. आमच्या हेड सुहासिनी मॅडम यांनी मला काम लावलं की सगळ्या शिकवणाऱ्यांकडून एकेक पान घे, शिकवायला येण्याआधी माणूस काय करत होता ते त्यात पाहिजे. घ्या. जितेंद्र सर रिटायर्ड पायलट, त्यांनी एका पानाऐवजी चार दिली, वर टोपी घातलेले तीन फोटो. मॅडम मानसशास्त्राच्या डॉक्टर, थकलेला माणूस कुठं चुकतो यावर त्यांचा अभ्यास. त्यांचं पान पहिल्याच दिवशी आलं. राहिले एकटे रुपरावजी.

रुपरावजी वाडीभस्मे नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याजवळच्या खेड्यातले. घरी धान अन् मिरची, ती शेती अजून त्यांचा भाऊ करतो. यांनी आयटीआय केलं, एअर फोर्समध्ये वीस वर्षं विमानांची दुरुस्ती केली, मग खासगी हँगरमध्ये. डिग्री नाही. आमच्याकडे अनुभवावर घेतलेले, दर वर्षी नवा करार. वय त्रेसष्ट. बायको गोपिकाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी बंगलोरला. एकदा मी सहज म्हटलं, सर, सुट्टीच्या दिवशीही काहून येता? तर म्हणाले, घरी टीव्ही आहे, इथं पोट्टे आहेत. मला तेव्हापासून या माणसाबद्दल भारीच माया वाटते, लपवून काय करू.

पोट्ट्यांनाही त्यांचा लळा. फक्त एका गोष्टीवरून ते सरांची टिंगल करत. सरांच्या वर्गात ‘करून राहिलो’ म्हणायला बंदी. ‘येऊन राहिलो’, ‘लिहून राहिलो’, काही नाही. झालं म्हणा नाहीतर नाही झालं म्हणा. आता नागपूरच्या पोट्ट्याला ‘राहिलो’ म्हणू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखंच. सर स्वतः मौद्याचे असून तो शब्द चुकूनही तोंडातून काढत नसत. मला वाटायचं, एअर फोर्सची शिस्त असेल, म्हातारपणी माणसं अशी एखादी गोष्ट धरून बसतात.

पंधरा दिवस मागं लागल्यावर सरांनी पान दिलं. हजेरीच्या जुन्या कागदाच्या मागं पेन्सिलनं सात ओळी. सहा ओळींत नोकऱ्या. सातवी ओळ अशी: ‘माझ्या चुकीमुळे एक विमान अर्ध्या वाटेतून परत आलं. आत दोन माणसं होती. दोघंही वाचली.’

मी म्हटलं, सर, हे काय लिहिलं? ते माझ्या टेबलासमोर बसले अन् त्यांनी सांगितलं.

एक छोटं हँगर होतं. नाव ते सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. रुपरावजी उडायला शिकवण्याच्या एका विमानाच्या इंजिनाला ऑइलची नळी बसवत होते. नळीला दोन नट, एक पक्का कसून झाला, दुसरा नुसता हातानं लावलेला, पाना त्यावर चढवलाच होता. तेवढ्यात खालून सुपरवायझरनं हाक दिली, वाडीभस्मे, नटांचं झालं का? सुपरवायझर मार्तंड साळुंखे, सांगलीकडचे, नागपुरात येऊन आठ दिवस झाले होते. रुपरावजी वरून म्हणाले, कसून राहिलो, साहेब.

आपल्याला कळलं. काम चालू आहे, थांबा जरा. पण सांगलीच्या माणसाला ‘कसून’ ऐकू आलं, म्हणजे कसणं संपलं. मागचं ‘राहिलो’ त्यांना उगाच लावलेलं शेपूट वाटलं. त्यांनी कागदावर सही केली अन् रुपरावजींना म्हणाले, मग चल, तिकडच्या विमानाचं चाक बघ. रुपरावजींना वाटलं, साहेबांना माहीत आहे अर्धं बाकी आहे, ते दुसऱ्याला लावतील. ते उतरले. पाना खिशात घालून गेले.

विमान उडालं. अकराव्या मिनिटाला परत आलं, पुढची काच ऑइलनं काळी झालेली. शिकवणाऱ्यानं बाजूच्या खिडकीतून पाहत पाहत उतरवलं. सोबत एक शिकणारी मुलगी होती, ती उतरल्यावर बराच वेळ नुसती विमानाच्या पंखाला हात लावून उभी राहिली. रुपरावजी हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. चौकशी झाली, दोघांचा कामावर सही करायचा अधिकार सहा महिने बंद झाला, साळुंखे साहेबांची बढती कायमची गेली. सर म्हणाले की त्यांनी फसवलं नव्हतं, मीही फसवलं नव्हतं, दोघं आपापल्या मराठीत खरं बोललो होतो.

आम्ही सगळे त्या बंदीला हसत होतो.

मी ती सातवी ओळ टाइप केली. सगळी पानं मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सरांचं पान वाचलं, चष्मा काढला अन् नुसतं एवढं बोलल्या की कमिटीला डिग्री नसलेला माणूस आधीच खुपणार, त्यात हे. काढ असं काही त्या म्हणाल्या नाहीत. हे मी खरं सांगते, त्यांच्यावर ढकलणार नाही. त्या मीटिंगला गेल्या. कमिटी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी कॉम्प्युटरवर सरांचं पान उघडलं. वाटलं, सहा ओळी काय कमी आहेत? ही सातवी वाचून दिल्लीची माणसं म्हणतील, विमान पाडणारा माणूस सुरक्षा शिकवतो काय. अन् हे जातील. टीव्हीसमोर जाऊन बसतील. मी ओळ खोडली, पान पुन्हा छापलं अन् फाइल बंद केली. सरांना सांगितलं नाही. चांगलं काम केलं असंच मला वाटत होतं, लाज नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे तिघं आले. अध्यक्ष एक उंच, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ, हिंदी बोलणारे. एकेकाला आत बोलावत होते, कागद द्यायला मी तिथंच भिंतीशी बसलेली. रुपरावजींचं पान वाचून अध्यक्षांनी विचारलं की इतक्या वर्षांच्या कामात आपल्या हातून कधी काही चुकलं का. सर म्हणाले, हो, लिहिलं आहे न सातव्या ओळीत. अध्यक्षांनी पान उलटून पाहिलं. सातवी ओळ नाही, म्हणाले. पान सरांच्या पुढं सरकवलं.

सरांनी पान हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्यांनी तिथंच, साध्या हिंदीत, सगळी हकिकत सांगितली. नट, हाक, तो शब्द, ती मुलगी. सांगून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, मग ही ओळ लपवली कोणी?

मॅडमनी मान खाली घातली. त्यांनी हात लावला नव्हता, पण कोणी काढली ते त्यांना कळलं होतं. रुपरावजींनी तोंड उघडलं. मी त्यांना नऊ वर्षांत जेवढं ओळखलं त्यावरून सांगते, ते खोटं बोलले नसते, पण पान मी तपासून द्यायला हवं होतं, चूक माझी, असंच काहीतरी म्हणून त्यांनी ती स्वतःवर घेतली असती. माझी नोकरीही कायम नाही. दोन लेकरं आहेत घरी.

मी उभी राहिले अन् बोलले, “मी काढली, सर. मले कोणी सांगतलं नव्हतं.”

अध्यक्षांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं अन् मॅडमना म्हणाले की या गृहस्थांना ठेवा, सातवी ओळ आज संध्याकाळच्या आत परत घाला, अन् या बाईंचं काय करायचं ते तुम्ही बघा. एवढंच. पुढचं पान मागितलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन कुंड्यांजवळ बसले. तोंड कुठं दाखवू असं झालेलं. आता रुपरावजी येतील अन् म्हणतील, तुले अक्कल आहे का, कोणाले विचारून केलं? आमच्या खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये मी लहानपणापासून हेच ऐकलं. दूध उतू गेलं, कोणी केलं? बाटली फुटली, कोणी केलं? नाव सापडलं की कानाखाली एक, अन् विषय संपला.

रुपरावजी आले. माझ्या शेजारी, खाली फरशीवर, गुडघे धरून हळूच बसले. खिशातून छोटी वही काढली.

“ओळ किती वाजता काढली?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काल पावणेपाचला.

“दुपारचं जेवण झालं होतं का?”

नव्हतं झालं. चौदा पानं छापायची होती, डबा तसाच राहिला होता. मी तसं सांगितलं.

“जवळ कोणी उभं होतं?”

कोणी नव्हतं.

“अन् काढताना मनात काय होतं?”

इथं माझा बांध फुटला. तुम्ही जाल अशी भीती होती, मी म्हटलं, अन् पदरानं तोंड पुसत राहिले. माझं रडणं ओसरेपर्यंत त्यांनी वहीतून डोकं वर काढलं नाही. मग मी विचारलं, सर, तुम्ही रागावत काहून नाही?

ते म्हणाले, “त्या विमानानंतर माही तीन आठवडे चौकशी चालली, वं माय. कोणी केलं, एवढंच सगळ्यायनं विचारलं. जेवला होता का, मनात काय धरून खाली उतरला, हे मले कोणीच विचारलं नाही. गोपिकानंही नाही. मी वाट पाहत होतो.”

त्यांनी माझी चारही उत्तरं वहीत लिहिली होती, पावणेपाच, डबा, एकटी, भीती, एकाखाली एक. वही माझ्याकडे दिली अन् म्हणाले, बरोबर लिहिलं का ते वाचून पाह्य. मी वाचलं. बरोबर होतं. खाली सही केली, अन् मग आम्ही दोघं आत जाऊन माझा त्या दिवसाचा डबा उघडून अर्धा अर्धा जेवलो.