तीन नंबरला चार मार्क

शिरीष ओगले फुटबॉलची मॅच बघायला जात नाहीत, तपासायला जातात. सिंगापुरातल्या यिशुनच्या स्टेडियमवर बाकीचे लोक ढोल आणतात, करी पफ आणतात, पोराबाळांना आणतात. ओगले शंभर पानी वही आणतात, आणि हरवू नये म्हणून तिला दोऱ्याने बांधलेलं पेन. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता निवृत्त झाल्यावर दुसरं करणार काय? अकरा पोरं खाली धावतात आणि हे वर बसून दहापैकी मार्क देतात. शेजारच्या खुर्चीतले मिस्टर कोह त्यांना ‘टीचर’ म्हणतात. कुणी चेंडू गमावला की ओगले मराठीत शिव्या घालतात, कारण आख्ख्या स्टँडमध्ये त्या कळणारं दुसरं कुणी नाही. तेवढीच मोकळीक!

संघाचं नाव नॉर्थ हॉर्नबिल्स. बरीच वर्षं ती नुसती पोरांची अकादमी होती, मग चार मोसमांपूर्वी मोठ्या लीगमध्ये उतरली. संघाचं सरासरी वय एकवीस. पहिल्या मोसमात एकही सामना जिंकले नाहीत, आणि एकदा तर आठ गोल खाल्ले. ओगल्यांनी लिहिलं, ‘पोरं घाबरलेली. पास देतात ते चेंडू आपल्यापाशी नको म्हणून.’ दुसऱ्या मोसमात तीन सामने जिंकले. ‘भीती गेली. पण सत्तराव्या मिनिटाला पाय संपतात.’ तिसऱ्यात मधली फळी जरा डोकं वापरायला लागली. चौथ्यात, म्हणजे यंदा, शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी पाचवा नंबर मिळणार होता. नऊ संघांत पाचवा! मिस्टर कोह पेढे वाटायच्या बेतात होते, म्हणजे त्यांच्या भाषेत सगळ्यांना कॉफी पाजायच्या.

ओगल्यांचं हे मूल्यमापन अगदी चोख असे, मान्यच करायला हवं. गोली सुधारला तर सुधारला म्हणून लिहीत, स्ट्रायकर आळशी झाला तर तेही. फक्त एक खेळाडू असा होता की तो काहीही करो, त्याचे मार्क हलत नसत. डाव्या बाजूचा बॅक, तीन नंबरची जर्सी, नाव हाझिक. चारही मोसमांत दर सामन्याला चार. हाझिकने गोल वाचवला, चार. क्रॉस टाकून गोल करवला, चार. “नॉट बॅड व्हॉट, युअर नंबर थ्री,” मिस्टर कोह म्हणत. ओगले ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि वहीत मान घालत.

मोसम संपला की ओगले तो सगळा अहवाल फोनवर मराठीत टाइप करत आणि एकाच माणसाला पाठवत. पुण्याला, अनीशला. अनीश त्यांचा एकुलता एक मुलगा, वय पंचवीस. दर रविवारी आईशी तासभर बोलतो आणि वडील फोनवर आले की “हं, ठीक,” म्हणून फोन परत आईकडे द्यायला सांगतो. नऊ वर्षं हे असंच चाललंय. अहवाल मात्र वाचतो. दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. ओगल्यांना तेवढंही पुरे होतं असं नाही, पण करतात काय!

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं.

नऊ वर्षांपूर्वी अनीश याच अकादमीत डावा बॅक खेळायचा. हाझिक त्याचा जिवलग दोस्त, दोघांची पाण्याची बाटली एक. मुलगा सोळाचा झाला की इथल्या पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलेल्या आईबापांची झोप उडते. एक तर मुलाची एनएसची नोंदणी करायची, म्हणजे पुढे दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा. नाहीतर त्याचं पीआर सोडून द्यायचं आणि त्याला परत पाठवायचं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचे द्रोण हातात घेऊन बाप मंडळींची हीच खलबतं चालत. दोन वर्षं फुकट जातात हो, तोवर बरोबरीची पोरं इंजिनिअर होऊन बसतात. सोडलं तर पुढे नोकरीसाठी परत यायला अडचण येते, हेही सगळे म्हणत. आणि तेव्हाचं तेव्हा बघू, असंही सगळेच म्हणत. ओगल्यांचं ठरलं होतं, पुणे आणि इंजिनिअरिंग.

नेमकं त्याच आठवड्यात अकादमीच्या कोचने पालकांच्या हाती बंद पाकिटं दिली. प्रत्येक मुलाचं मूल्यमापन. ओगल्यांनी पाकीट घरी जाताना एमआरटीतच, म्हणजे मेट्रोतच, फोडलं. दहापैकी नऊ. खाली कोचच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, आम्ही मोठा संघ उभा करतोय, हा एनएस करून आला की डाव्या बॅकची जागा याची. ओगल्यांना अभिमान वाटला की भीती, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. पोरगा हट्टी. नऊ म्हटलं असतं तर तसूभर हलला नसता. घरी पोचेपर्यंत त्यांनी पाकीट बॅगेच्या तळाशी सरकवलं आणि दारात वाट बघत उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, “चार दिलेत कोचने. तुझ्यात ते नाही म्हणतो.”

अनीश रडला नाही, भांडला नाही. बूट पिशवीत घालून त्याने कचरा खाली टाकायच्या नळीत टाकले आणि दोन महिन्यांनी पुण्याला गेला. पाकीट अजून कपाटात आहे, विम्याच्या कागदांखाली.

म्हणून ते चार. डाव्या बॅकच्या जागेत काही राम नव्हता, जो राहिला त्याचंही काही भलं झालं नाही, हे मुलाला दरवर्षी पटवून द्यायचं होतं. मुलाला की स्वतःला, कुणास ठाऊक.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी दुपारी ओगल्यांची बायको, नंदाताई, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. “अहो, अनीशला इथल्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. इथे म्हणजे इथेच, सिंगापूरला. मला म्हणाला, बाबांना आत्ता सांगू नकोस, इथे काम करायचा पास मिळाला की सांगू.”

ओगले खुर्चीतून अर्धे उठले. “मग?”

“पास नाकारला. आज कळलं.” त्या खाली बसल्या. “कारण लिहिलेलं नाही म्हणे. एनएस न करता गेला, आता कारण काय लिहायचं? तो घरी येणार होता हो. पडदेसुद्धा धुवायला काढले होते मी.”

ओगल्यांनी वही घेतली आणि मॅचला निघाले. नंदाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर घरीच बसला असता.

सामना सहाचा होता. त्या संध्याकाळी ओगल्यांनी एक शिवी घातली नाही. हॉर्नबिल्सनी आधी गोल केला, मिस्टर कोह उभे राहून नाचले, आणि मग हाझिकचे पाय संपले. समोरचा पोरगा दोनदा त्याच्या बाजूने निसटला, दोनदा तिथूनच चेंडू आत आला, दोन गोल झाले. हाझिक गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला होता तेव्हाच शिट्टी वाजली. दोन-एक. पाचवा नंबर गेला, कॉफी राहिली. रडवेल्या पोरांनी येऊन स्टँडपुढे हात जोडले.

ओगले निघाले तेवढ्यात कठड्यापाशी हाझिकने हाक मारली. “अंकल! अनीशचे बाबा ना तुम्ही?”

चार वर्षांत तो पहिल्यांदा बोलत होता. माझा शेवटचा सामना होता, म्हणाला, इंग्रजीत, दम खात. करार वाढवला नाही, सोमवारपासून तुआसला गोदामात नोकरी. “अनीशला सांगा, शेवटी त्याची जर्सी मी नीट नाही सांभाळली.”

“त्याची?” ओगल्यांनी विचारलं.

“त्याचीच, लाह. मला कोचने सहा दिले होते, त्याला नऊ. तो गेला म्हणून मला जागा मिळाली. सगळ्यांना माहीत आहे.”

“अनीशला?”

“पुण्याला गेला त्याच महिन्यात कोचने त्याला फोन केला होता. जागा ठेवली होती, का गेलास म्हणून.” हाझिकने जर्सीने तोंड पुसलं. “तुमचा अहवाल दरवर्षी तो मला इंग्रजी करून वाचून दाखवतो. आधी मी चिडायचो. इतकं वाईट खेळतो का मी? तो म्हणायचा, चिडू नकोस, ते चार तुझे नाहीत, माझे आहेत. मी म्हटलं, मग विचार ना त्यांना सरळ! तर म्हणाला, नको. बाबा आपणहून सांगतील एक दिवस.”

“सॉरी, अंकल,” असं काहीतरी म्हणून पोरगा खेळाडूंच्या बोगद्यात निघून गेला.

घर चालत दहा मिनिटांवर होतं. ओगले वर न जाता इमारतीखालच्या दगडी बाकावर बसले. नऊ वर्षं पोरगा वाट बघत होता! अहवाल सुरू झाल्यापासून दरवर्षी तो उघडत होता, यंदा बाबा सांगतील म्हणून, आणि दरवर्षी त्याला चारच मिळत होते. आता फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. कोचने नऊ दिले होते. मी खोटं बोललो. मराठीत नाही जमलं तर इंग्रजीत लिहावं, पण लिहावं. त्यांनी फोन काढला, अनीशचं नाव उघडलं.

आणि हा माणूस काय करून बसला, ऐका. त्याने अहवाल लिहिला. नेहमीसारखा. गोली सात, मधली फळी सुधारली, संघाची प्रगती समाधानकारक, थोडक्यात पाचवा नंबर हुकला. तीन नंबर, नऊ. आणि पाठवून दिला. नऊ वाचून मुलगा समजेल, असं त्यांना खरंच वाटलं.

निळ्या खुणा लगेच आल्या. त्याखाली ‘टायपिंग’ अशी अक्षरं दिसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ओगल्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

‘मॅच मी ऑनलाइन बघितली. दोन्ही गोल तीन नंबरच्या बाजूने झाले. आज त्याचे चारच होतात. नऊ कुणाचे होते ते तुम्हाला माहीत आहे, बाबा.’

ओगल्यांनी ‘अनीश’ एवढं टाइप केलं. पुढची ओळ त्यांना पाठ होती, नऊ वर्षं पाठ होती. वर नावाखाली तो ऑनलाइन दिसत होता. एक मिनिट झालं, दोन झाली. वरच्या खिडकीतून नंदाताईंनी विचारलं, “काय झालं हो, जिंकले का?” ओगल्यांनी मान वर केली, परत फोनकडे पाहिलं, तोवर तो गेला होता.