नसीमनं मोजलेली प्रगती

इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. "मंगलताई, नसीम रस्त्यातच गेली," एवढंच ते म्हणाले. रस्त्यात म्हणजे अपघात झाला असेल, असंच मला वाटलं. तसं नव्हतं. सकाळी स्वतःच्या शिलाईच्या कारखान्यात तिच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी ताबडतोब ठाण्याला न्यायला सांगितलं, आणि रुग्णवाहिका मानकोली नाक्याच्या अलीकडे कंटेनरांच्या रांगेत अडकली. इक्बालभाई खाली उतरून एकेका ड्रायव्हरच्या हातापाया पडले. पण ड्रायव्हर तरी गाडी कुठे घालणार? पुढे जागाच नव्हती. सगळ्या गाड्या गोदामांत शिरायला ताटकळल्या होत्या... या गोदामांचं कौतुक मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. वळ गावातला माझा सख्खा भाऊ दर सणाला म्हणतो, "आता आपली भिवंडी मागं न्हाय, मंगल. कुठच्या कुठं गेली बघ!" गेली खरी. एक रुग्णवाहिका तेवढी जाऊ शकली नाही.

नसीम आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. ती भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, मी आगऱ्यांची. तिच्या आईच्या हातचं सांदण आणि माझ्या आईचा सुक्या जवळ्याचा डबा यांची अदलाबदल हीच आमच्या मैत्रीची सुरुवात. मी शिक्षिका झाले, तिचं लग्न लूम दुरुस्त करणाऱ्या इक्बालभाईंशी झालं आणि ती नारपोलीला राहायला गेली. मुलं जरा मोठी झाल्यावर तिनं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिलाईची मशीनं मांडली. इथल्याच लूमवर विणलेलं कापड घ्यायचं, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवायचे. आजूबाजूच्या बायका कामाला येऊ लागल्या. बहुतेक उत्तर प्रदेशातून नवऱ्याच्या मागे आलेल्या.

तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या त्या काळात, बायकांनी धंदा करावा म्हणून शिबिरांचं पीक आलं होतं. अशाच एका शिबिराला ती मलाही ओढून घेऊन गेली. तिथल्या सरांनी फळ्यावर जिना काढला. पहिल्या पायरीवर आजची मशीनं, वरच्या पायरीवर दुप्पट, त्याच्या वर आणखी दुप्पट. "लक्ष्य असं ठेवा की ते मोजता आलं पाहिजे," सर म्हणाले.  येताना घराशी रिक्षातून उतरताना नसीम म्हणाली, "अगो मंगल, तो माणूस बोलला ते खरंय. मोजता आलं पाहिजे. पण काय मोजायचं ते मी ठरवणार ना?"

आणि तिनं जे ठरवलं ते ऐकून मीसुद्धा हसले होते. तिच्या शेडमध्ये पाण्याचा माठ होता. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. पत्र्याखाली मे महिन्यातही बायका पाणी प्यायच्या नाहीत, कारण प्यायलं की जायचं कुठे? सार्वजनिक संडास लांब, तिथे रिकामटेकड्या पुरुषांचा घोळका. दोघीतिघींना लघवीच्या जळजळीचा त्रास सुरू झाला, एक तर तापानं फणफणली. नसीमनं वर्षाचं लक्ष्य जाहीर केलं: कारखान्यात बायकांसाठी संडास. मोजमाप? रोज माठ रिकामा झाला पाहिजे.

ज्या व्यापाऱ्याकडून तिला काम मिळायचं, त्याला सगळे शेठ म्हणायचे. नेमक्या त्याच महिन्यात शेठ मोठी ऑर्डर घेऊन आले. अट एकच, मशीनं वाढवायची. शेडमध्ये मोकळा कोपरा एकच होता. तिथे नवी मशीनं तरी बसली असती, नाहीतर संडास. मी त्या दिवशी तिथेच होते. शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नसीमबाई, लोक धंद्यात फॅक्टरीचं स्वप्न बघतात, आणि तुमचं टार्गेट काय, तर संडास?"

"हो," नसीम म्हणाली. "पाणी देऊ का? ठसका लागलाय तुम्हाला."

ऑर्डर गेली. ते वर्ष फार वाईट गेलं. भारनियमन तर होतंच, त्यात हाताला काम कमी. सासरच्यांनी नावं ठेवली, शेजाऱ्यानं ड्रेनेजवरून भांडण काढलं, माझ्या भावानं "तुझी मैत्रीण येडी हाय" असं प्रमाणपत्र दिलं. नसीम परवानगीसाठी दारोदार हिंडली आणि अखेर तो संडास उभा राहिला. आतून कडी, वर छोटी खिडकी, कोपऱ्यात बादली. पुढे मी गेले की ती मला मालाचा ढीग दाखवायची नाही, माठात डोकावायला लावायची. दुपारीच तळ दिसायचा. "बघ गो, वाढलाय की नाही धंदा?" आणि धंदाही वाढला खरा. बायका आजारी पडेनात, सोडून जाईनात, हात बसलेल्या बायकांचा माल परत येईना. शेठ पुन्हा तिच्या दारात आले. नंतर तिनं दरवर्षी असंच एकेक लक्ष्य ठेवलं. एकदा पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, एकदा तान्ही मुलं निजवायला शेजारची खोली. एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढायची नाही.

तिच्या मागे व्यापाऱ्यांनी शोकसभा ठेवली. शेठ बोलायला उभे राहिले. म्हणाले, नसीमबाई कष्टाळू होत्या, प्रामाणिक होत्या, पण त्यांनी टार्गेट लहान ठेवलं. नाहीतर आज त्या कुठे असत्या! माना डोलल्या. कुणीतरी सुस्काराही सोडला. मला राहवेना. मी उभी राहिले आणि विचारलं, "शेठ, तुमच्या कारखान्यातल्या बायका दिवसभरात पाणी पितात का?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "चहा देतो ना आम्ही, दोन टाइम," ते म्हणाले.

"बाई, बसा. ही वेळ नव्हे," अध्यक्ष म्हणाले. मी बसले नाही, निघून आले. कुठे असत्या म्हणे! मोठं टार्गेट ठेवून जी गोदामं उभी राहिली, त्यांच्याच दारातल्या रांगेत ती मेली, हे त्या सभेत एकानंही उच्चारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शेठ इक्बालभाईंकडे आले. शेड बंदच होती. मशीनं मी घेतो, बायकांनाही मानकोलीच्या गोदामात काम देतो, टेम्पो न्यायला येईल, असं त्यांचं म्हणणं. इक्बालभाई खचले होते, ते हो म्हणायच्या बेतात होते. बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत जुनी शबाना पुढे झाली.

"सेठ, उधर औरतों का बाथरूम किधर है?"

"बाजू में पेट्रोल पंप है ना."

शबानानं बाकीच्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. इक्बालभाईंपुढे हात पसरून म्हणाली, "भाईजान, चाबी दो."

त्या दिवसापासून कारखाना चालू आहे. इक्बालभाई माल आणतात, कामाचं शबाना बघते. परवा मी गेले तेव्हा यंदाचं लक्ष्य काय ठेवायचं यावर त्यांची चर्चा होऊन गेली होती आणि कामही पुरं झालं होतं. इस्त्रीच्या टेबलाच्या वर पंखा बसवला होता. शेडमधली ती सर्वांत तापलेली जागा. वर पत्रा, खाली इस्त्रीची वाफ. तिथे नसीम कुणाला उभं राहू द्यायची नाही, सगळी इस्त्री स्वतः करायची. "बाजी को कितनी बार बोला, पहले इधर पंखा लगाओ," शबाना नसीमबद्दल सांगत होती. "बोलती थी, अगले साल."

अगले साल! इतरांची तहान, इतरांची पाठ, इतरांची लेकरं, सगळ्यांचे नंबर लागले. स्वतःचा मात्र तिनं दरवर्षी एक वर्ष पुढे ढकलला. त्या उकाड्यात आधी कधी छातीत दुखलं होतं का, कुणास ठाऊक. मला तरी ती बोलली नाही. शेठचा राग येतो, रस्त्याचा येतो, भावाचा येतो. पण नसीम, तुझा जो येतो ना... तो कुणावर काढू?

शबानानं बटण दाबलं. मी टेबलापाशी नसीमच्या जागी उभी राहिले. मानेवर छान गार वारा आला, आणि मला त्या वाऱ्याचाच संताप आला.