एकेचाळिसावा बाण

मेहरबीनं डूख धरला तो एका दगडापायी.

वाशिमकडच्या मेडशीच्या उत्तरेला डोंगर आहेत. दोन डोंगरांमधून एक दरी जाते. वाट सोपी आहे. नाला तीनदा ओलांडावा लागतो, पण पाणी घोट्याच्या वर येत नाही. म्हातारी माणसं काठी टेकत जातात, लेकरं पळत जातात. दोन तासांत पलीकडच्या तांड्यांवर पोचता येतं.

सैफुद्दीन कल्हईवाला तीस वर्षं त्या वाटेनं गेला. त्याच्या पाठीवर कथील, नवसागर आणि पकड. मागून बायको मेहरबी, डोक्यावर भाता घेऊन. तांड्यावर पोचलं की तो खड्डा खणायचा, ती भाता मारायची. काळंठिक्कर भांडं आतून चांदीसारखं व्हायचं.

मग घरोघर स्टील आलं. कल्हई संपली. सैफुद्दीन नव्या भांड्यांवर नावं घालू लागला. बारकी छिन्नी, बारकी हातोडी, टिंबाला टिंब. लग्नसराईत त्याला जेवायला वेळ नसे. अर्ध्या तालुक्याच्या मांडणीवर त्याचं अक्षर आहे. स्वतःचं नाव मात्र त्यानं आयुष्यात एकदाच घातलं. दरीत नाल्याच्या काठाला एक काळा सपाट दगड आहे. तिथं दोघं दम खायची, भाकर सोडायची. एका दुपारी त्यानं भाकर बाजूला ठेवली आणि दगडावर टिंबं मारत बसला. आपलं नाव, खाली तिचं.

मेहरबीला वाचता येत नाही. ती ते बोटानं वाचायची, पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत. चार वर्षांपूर्वी सैफुद्दीन गेला. त्यांच्यात बाया कबरस्तानात जात नाहीत. तिच्यासाठी तो दगडच होता.

मागच्या हिवाळ्यात स्वप्निल तिच्या दारात आला. मालेगावजवळ भाजीचा मळा असलेल्या गोजराबाईंचा हा नातू. पुण्याची नोकरी सोडून आलेला. गोजराबाईंची पितळी भांडी मेहरबीनं किती वेळा घासली असतील, त्याला गणती नाही.

"चाची, डोंगरातली वाट दाखवता काय? लोकाईले लेकराबाळासंगं पायी फिरवाचं हाय. दर रविवारी."

मेहरबीला बरं वाटलं. कुणीतरी विचारलं होतं. तीनदा तिनं त्याला नेलं. दुहेरी बुंध्याच्या पळसापाशी वळायचं. त्याआधी तीन नाले मिळतात तिथं मधला धरायचा. त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. दगडापाशी तिनं त्याला नाव दाखवलं. "भारी," तो म्हणाला. फोटो काढला.

दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीला चाळीस माणसं आली. वाशिमची, अकोल्याची. मेहरबी इस्त्रीची ओढणी घेऊन उभी होती.

"चाची, तुमी मांगं राहा. पिशव्या पाहा. अन् फोटोत नका येऊ."

ती मागं राहिली. कुणीतरी स्वप्निलला विचारलं, ही वाट सापडली कशी? "सहा महिने एकटाच भटकलो," तो म्हणाला. तिनं ते ऐकलं. तेही गिळलं.

मग दगड आला. दगडावर पिवळा बाण होता, ऑइलपेंटचा, जाड थराचा. बाणाखाली काहीतरी लिहिलेलं. तिनं एका बाईला वाचायला सांगितलं. 'स्वप्निलची डोंगरवाट.'

मेहरबीनं बोट टेकवलं. टिंबं भरून गेली होती. दगड गुळगुळीत लागला.

"हे काय केलं रे?"

"काय झालं, चाची?"

"नाव होतं येथं."

"अवं, दगड हाय तो. डोंगरात दगडाले काय तोटा? दुसऱ्यावर घालून देऊ."

लोक हसले. कल्हईवाला कुठून आणणार, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मेहरबीनं सगळ्या पिशव्या शेवटपर्यंत वाहिल्या.

घरी फळीवर एक डबा होता. कल्हईआधी भांडं धुवायचा कॉस्टिक सोडा. सैफुद्दीनच्या हाताचा. चार वर्षं तिनं तो उघडला नव्हता.

पुढच्या फेरीच्या आधी, बुधवारी, तिनं डबा उचलला. हाताला चिंध्या गुंडाळल्या. तरटाचा तुकडा, नारळाची शेंडी आणि काठीला बांधलेला बोळा घेतला. पहिल्या बाणावर सोडा लावला आणि बसून राहिली. रंग फुगला, सुटला. शेंडीनं घासला, तरटानं पुसला. झाडावरचे बाण तिनं नुसते कोयत्यानं खरवडले. स्वप्निलनं चुना लावल्यासारखे जागोजागी बाण मारले होते. ज्याला वाट येत नाही त्यालाच इतके बाण लागतात. एक बाण गेला की ती एक खडा ओढणीच्या गाठीत टाकायची. गुरुवारी चिंधी सरकली आणि तळव्याची कातडी निघाली. तिनं खोबरेल लावलं. शुक्रवारी पुन्हा गेली. शनिवारी सूर्य कलायच्या आत गाठीत चाळीस खडे होते.

एकेचाळिसावा बाण नावावरचा. त्याला तिनं हात लावला नाही.

रविवारी सगळ्यांच्या आधी ती सोड्याचा डबा घेऊन तीन नाल्यांच्या फाट्यावर जाऊन बसली. फाट्यापर्यंत वाट चुकत नाही. हे तिनं आधीच धरलं होतं. वैर स्वप्निलशी होतं, लेकरांशी नव्हतं.

शिट्टी वाजवत स्वप्निल आला. मागं माणसं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. या खेपेला गोजराबाईही होत्या, काठी टेकत. स्वप्निल फाट्यावरच्या सागापाशी थांबला. सागाला बाण नव्हता. त्यानं झाडाभोवती फेरी मारली. मग त्याला मेहरबी दिसली.

"चाची? तुमी येथं?"

"बसली. गुडघे दुखून राह्यले."

"येथं बाण होता."

"असंन."

तिनं फडकं सोडलं. भाकर काढली. स्वप्निलनं मोबाइल वर धरला. दरीत रेंज नसते. लोक बघत होते. तो मोठ्यानं म्हणाला, "चला, डावीकडून!"

डावा नाला दोनशे पावलांवर चिल्हारीच्या काट्यात संपतो. मेहरबीला ते माहीत होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्यात बुडवला.

अर्धी भाकर संपली तेव्हा सगळे परत आले. स्वप्निलची बाही फाटली होती. गोजराबाई धापा टाकत मेहरबीशेजारी बसल्या.

"मेहरबी, याले वाट ठाऊक नाई काय वं?"

"तुया नातवाले विचार."

"सहा महिने भटकलो म्हने हा."

"भटकला असंन. अजूनबी भटकूनच राह्यला."

लोक हसले. हसू तेच होतं, मागच्या फेरीचं. या वेळी ते दुसरीकडे गेलं होतं.

स्वप्निल वाकून हळू म्हणाला, "चाची, चला ना पुढं."

"काहून? मी तं पिशव्यावाली."

"लोक पाहून राह्यले, चाची."

"तवाबी पाहतच होते."

"काय पाह्यजे तुमाले?"

"पिशव्या उचल. साऱ्याईच्या. अन् मांगं चाल."

त्यानं आजीकडे पाहिलं. गोजराबाई पायातला काटा काढत होत्या. वर बघितलं नाही. स्वप्निलनं पिशव्या उचलल्या.

मेहरबी पुढं झाली. मधला नाला, मग पळस, मग उतार. लेकरं तिच्या पुढं-मागं पळत होती. तिनं त्यांना साळूचा काटा दाखवला. सुगरणीचं घरटं दाखवलं. पाण्यात कोणत्या दगडावर पाय ठेवायचा ते दाखवलं. एकदाही मागं वळली नाही. मागून बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. तो तिला गोड लागत होता.

काळ्या दगडापाशी तिनं सगळ्यांना बसवलं. डबे उघडले. मेहरबीनं ओढणीची गाठ सोडली आणि खडे स्वप्निलच्या पायापाशी ओतले.

"हे चाळीस म्या घासले. हा एक तुया."

तो समजला. तिच्या सोड्याच्या डब्याकडे त्यानं हात केला.

"ते नाई. तुले वाळू."

"वाळूनं कसं निंघन, चाची?"

"निंघते."

"घास, बाबू," गोजराबाई म्हणाल्या. "माह्या पितळी गंजाचं बूड तिनं तीस वर्सं घासलं. तुये हात काय सोन्याचे हायेत?"

तो घासू लागला. लोकांचं जेवण झालं. लेकरं पाण्यात पाय बुडवून आली आणि त्याच्याभोवती उभी राहिली. कुणी फोटो काढला नाही. त्याच्या नखांत पिवळा रंग गेला. दोन बोटांची सालं निघाली. मेहरबी आपला भाजलेला तळवा मांडीवर उलटा ठेवून बघत होती. आधी बाणाचं टोक गेलं. मग स्वप्निलचं नाव गेलं. मग एकेक टिंब वर आलं.

"वाच."

त्यानं मनात वाचलं.

"मोठ्यानं. मी अनपढ हाय."

"सैफुद्दीन. मेहरबी."

"पुना."

त्यानं पुन्हा वाचलं.

"मांगच्या माणसाले आयकू नाई आलं."

त्यानं तिसऱ्यांदा वाचलं. आवाज फाटला.

मेहरबी खाली बसली. पहिल्या टिंबावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. वरची ओळ संपली. खालची सुरू झाली. तिथंच बोट थांबलं. मग ती उठली, ओढणी झटकली.

"चला, लेकराहो. तांड्यावरचं पानी गोड हाय."

सगळे उठले. स्वप्निलही पिशव्यांकडे वळला.

"तू नाई," ती म्हणाली. "अजून रंग हाय."

त्यानं वाकून पाहिलं. मेहरबीच्या नावाच्या पहिल्या अक्षरात, एकाच टिंबात, पिवळा ठिपका राहिला होता.