पुंगळ्यांवरची हळद

ती पारदर्शक पिशवी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या एका इमारतीचे देखभाल करणारे काका सकाळी ती घेऊन कोबानवर, म्हणजे आमच्या चौकीवर, आले. त्यांची मूळ तक्रार होती फुलांची. न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत झेंडूच्या पाकळ्या. आता इथं राहणाऱ्यांना मी काय सांगावं, कचरा चुकीच्या वारी टाकणाऱ्याला इथं शेजारी विसरत नाहीत. काकांनी पाकळ्या वेगळ्या काढायला पिशवी सोडली, आणि खाली निघाल्या पितळी पुंगळ्या. झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं. पिस्तुलाची.

जपानमध्ये पिस्तूल सामान्य माणसाच्या हातात नसतंच. पिशवी तासाभरात ठाण्यावर आमच्या शस्त्रपरवाना शाखेत आली, आणि माझा ज्युनियर हातमोजे घालून तिच्यावर ओणवा झाला. पुंगळ्यांना पिवळी-लाल पूड लागलेली.

"काकारिचो, हे रसायन आहे. स्फोटकाचं असेल." आम्हा शाखाप्रमुखांना काकारिचो म्हणतात.

मी जवळ जाऊन वास घेतला. त्यानंही घेतला. "करी?" तो म्हणाला.

"अर्धं बरोबर. हळद आहे. आणि हे कुंकू. काल खंडेनवमी होती."

माझे वडील इथले, आई साताऱ्याची. आडनाव आणि चेहरा वडिलांचा, त्यामुळे नोकरीभर कुणाला शंका आली नाही. मराठी बोलायला आईनं शिकवलं, लिहायला मी माझी मीच शिकले, तेव्हा चुका पोटात घाला. खंडेनवमीला आई घरातली झाडून सारी हत्यारं पुजायची. विळी, कात्री, बाबांची करवत. मी पोलिसात गेल्यावर मात्र ती खट्टू झाली, कारण सरकारी पिस्तूल घरी आणायची सोय नाही. "एवढी पोलीस झालीस आणि पुजायला काय, ही शिट्टी?" असं म्हणत ती दरवर्षी माझी प्रशिक्षणातली शिट्टी चौरंगावर मांडायची. हळदीचा तो वास मी कुठंही ओळखला असता.

नमुने प्रयोगशाळेकडे गेलेच. पण घर कुठलं शोधायचं ते मला कळलं होतं. इमारतीत मराठी बिऱ्हाडं मोजकीच. दुपारी ज्युनियरला घेऊन दारं वाजवायला सुरुवात केली. एका दारात पुण्याकडचा इंजिनियर उभा राहिला, मागे त्याची बायको. दोघांनी इथल्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केलेला, हे मला मागाहून कळलं. मी जपानीत विचारलं, पुंगळ्या तुमच्या का?

"नाही. आम्हाला काही माहीत नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. निर्दोष माणूस आधी "कसल्या पुंगळ्या?" असं विचारतो.

आत चौरंग तसाच मांडलेला होता. लॅपटॉपवर कुंकवाचं बोट, सायकलची किल्ली, सुरी, स्क्रूड्रायव्हर. आणि मधोमध एक रिकामी जागा. भोवती पाकळ्यांचं सुबक कडं, आत काहीच नाही. अहो, रिकाम्या जागेला कुणी फुलं वाहतं का?

मी बायकोकडे वळून मराठीत विचारलं, "इथलं काय उचललंत हो?"

तिनं हातातला पेला खाली ठेवला. "तुम्ही... मराठी?"

"आई साताऱ्याची. सांगा, मी ऐकतेय."

ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "आता सांगा ना अहो. काकू आपल्यातल्याच आहेत."

"काकू असले तरी पोलीस आहे," मी म्हणाले. "बारूद किंवा ते पेटवणारी कॅप सापडली तर मी काही करू शकणार नाही. आहे का घरात?"

तो दारातून बाजूला झाला. संमतीनं झडती घेतली. तांदळाच्या डब्यामागे काडतुसं भरायचं एक लोखंडी दाबयंत्र निघालं, त्यावर कालचंच कुंकू, आणि एका डबीत थोडी अख्खी काडतुसं. ती पाहून ज्युनियर दोन पावलं मागं सरला. डबी सील करून स्फोटकतज्ज्ञांकडे, आणि तो माणूस आमच्याबरोबर ठाण्यावर.

चौकशीच्या खोलीत सुरुवातीला तो तुटक तुटक सांगत होता. आधी अमेरिकेत नोकरी, तिथं नेमबाजीचा क्लब, स्वतः काडतुसं भरायचा छंद. मी म्हटलं, कसं भरता ते सांगा. तेव्हा त्याचा आवाज बदलला.

"मॅडम, पहिलं काडतूस बारूद आणि कॅप न घालताच बनवायचं. नुसतं पितळ आणि शिसं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल पुढचं काडतूस स्वतःच ओढून घेतं, लांबी जरा चुकली की अडकतं. म्हणून आधी मुकं काडतूस बसवून बघायचं. तपासून बघा, त्याच्या कुशीत मी भोक पाडलंय, कुणी खरं समजू नये म्हणून. डबीतली सगळी तशीच आहेत."

"आणि खरी भरताना?"

"टेबलावर बारुदाचा एकच डबा. फोन खोलीबाहेर. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. एकीत दोनदा बारूद पडलं तर पिस्तूल हातात फुटतं. क्लबातल्या एकाचं बोट गेलं. निघताना मी पिस्तूल विकलं, बारूद आणि कॅप क्लबला दिल्या. मशीन तेवढं सोडवेना."

"मग पुंगळ्या कचऱ्यात कशा?"

"हिनं टाकल्या. आज दसऱ्याला शेजारच्या जपानी बायका जेवायला येणार होत्या, घाबरतील म्हणून. फुलं वेगळी केली, पण काही चिकटून राहिली. सकाळी काका पिशवी घेऊन कोबानकडे जाताना दिसले, आणि मी मशीन लपवलं."

"एवढा टॉर्च मारून बघणारा माणूस, आणि पोलिसांशी सरळ खोटं बोललात?"

"बारुदाची कधी भीती वाटली नाही मॅडम. व्हिसाची वाटते."

तज्ज्ञांनी तपासलं. प्रत्येक काडतुसाच्या कुशीतून आरपार उजेड दिसत होता. बारूद नाही, कॅप नाही. पुडीचा अहवाल आला, वनस्पतीजन्य रंग. ज्युनियरनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, "करी." मशीन आणि पुंगळ्या त्या इंजिनियरनं स्वखुशीनं जमा केल्या, आम्ही समज दिली, प्रकरण बंद झालं. त्यांचा अर्जही पुढे मंजूर झाला.

सेवेत आम्हाला शिकवतात की लपवणाऱ्याकडे गुन्हा असतो. या प्रकरणानंतर मी आधी विचारू लागले, याला भीती कशाची आहे. परक्या देशात आलेला माणूस कधी कधी निर्दोष वस्तूसुद्धा तांदळाच्या डब्यामागे ठेवतो. त्याचं खोटं उघडं पाडणं हे माझं काम होतं. पण खोट्यापाशीच थांबले असते तर काडतुसाचं भोक कुणी दाखवलं असतं?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्या दोघांनी मला जेवायला बोलावलं. चौरंग तोच. मशीनची मधली जागा यंदाही मोकळीच, भोवती पाकळ्यांचं कडं.

"काकू, तुमचं काही हत्यार आणलंय का?" तिनं हसत विचारलं.

मी पर्समधून शिट्टी काढली. तिनं हळदीचं बोट लावलं आणि ती तिथं ठेवली. जागा जरा मोठीच पडली. मग त्यानं पाकळ्या बोटानं आत सरकवल्या.