बक्षिसागणिक चढलेली पट्टी

भागवतनं तिसऱ्यांदा पाना बाहेर काढला, तेव्हा मला त्याचं हसू आलं.

"कावून हसतो बे?" ढोलकीचे नट आवळता आवळता तो खेकसला. "सूर कुठं चाललाय बघ की!"

"कुठं चाललाय? इथंच तर हाय."

असं म्हणून मी पुन्हा नव्या कीबोर्डच्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. तलवाड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम चालू होता. मांडव खच्चून भरलेला. माइकवर आमच्या मंगलताई, शेजारी ढोलकीवर भागवत, आणि माझ्यापुढं ट्रायलवर आणलेला कोरा करकरीत कीबोर्ड. त्याच्या पडद्यावरची प्लास्टिकची पातळ फिल्मसुद्धा मी काढली नव्हती. परत करायची वेळ आली तर दुकानदारानं नावं ठेवू नयेत, एवढी अक्कल होती. बाकीची घरी राहिली होती.

मी गेवराईत राहतो आणि कीबोर्ड वाजवून पोट भरतो. आमच्या धंद्यात अरेंजर कीबोर्ड लागतो. डाव्या हातानं एक कॉर्ड धरायचा, की मागं ढोलक, बास, गिटार अशी सगळी फौज आपोआप वाजायला लागते. या तयार फौजेला स्टाइल म्हणतात. उजव्या हातानं मास्तर नुसती गाण्याची चाल वाजवतो आणि चेहऱ्यावर असा भाव ठेवतो, जणू सगळं तोच वाजवतोय. पंचवीसेक वर्षं मी हा भाव चोख ठेवत आलोय.

माझा जुना कीबोर्ड म्हातारा झाला होता. मधल्या सप्तकातली एक पट्टी मनात आलं तर वाजायची, नाहीतर रुसायची. उन्हात स्क्रीन दिसायची नाही. तरी निभत होतं. पण एक दिवस मंगलताई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या त्या डबड्याचा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यावानी येतो. कडा गावच्या गाण्याच्या पार्टीनं नवं मॉडेल घेतलंय. त्यांनी मला इचारलंय."

"काय इचारलंय?"

"येता का म्हणून. पाडव्यापर्यंत सांगते म्हणले मी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लोक आमच्या पार्टीला बोलवत नाहीत. लोक मंगलताईंना बोलवतात, आणि ताईंसोबत आम्ही येतो, जसं लग्नात वऱ्हाडाबरोबर वळकटी येते तसं. ताई कड्याला गेल्या की पार्टी संपली. पाडवा झाला की लग्नसराईच्या बुकिंगा. म्हणजे ठरवायचं ते लवकरच ठरवायचं होतं.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. मोबाइलवर नव्या मॉडेलचे डेमो बघायचे, मग जुन्याशी तुलना करणारे व्हिडिओ बघायचे, मग ते व्हिडिओ खोटे आहेत असं सांगणारे व्हिडिओ बघायचे. एकदा दाढीचा साबण लावला आणि डेमो सुरू केला. फेस गालावर वाळून पापुद्रे पडायला लागले, तरी मी त्यातल्या बासरीचा आवाज ऐकतोय. बायको म्हणाली, "एक तर दाढी करा, न्हाईतर कीबोर्ड घ्या." सकाळी वाटायचं घ्यावा. जेवताना वाटायचं कशाला? चार वाजता पुन्हा वाटायचं घ्यावा. भागवतला विचारलं तर तो म्हणाला, "घे, न घे, पण इचारू नको बे. माझं डोकं दुखायलंय."

शेवटी बीडच्या दुकानात गेलो. एक खटका मनात होता. माझ्या हलगीच्या आणि संबळच्या स्टाइल मी स्वतः बनवलेल्या, जुन्या मशीनमध्ये साठवलेल्या. त्याशिवाय आमच्याकडं गोंधळ होत नाही की वरात निघत नाही.

"त्या यात चालतील का?" मी विचारलं.

"कन्व्हर्ट होतात की साहेब," दुकानदार म्हणाला.

"सगळ्या?"

"जवळजवळ."

जवळजवळ वाजलेला संबळ देवीला चालतो का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात त्यानं व्हायोलिनचा आवाज लावून दिला आणि म्हणाला, "टच करून बघा." मी वाजवलं. डोळ्यांत पाणी आलं. एसी थेट तोंडावर होता, त्याचंही असेल.

"घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "शनिवार-रविवार वाजवा. सोमवारी ठेवायचा का परत करायचा ते सांगा."

शहाण्या माणसानं घरी नेऊन आधी बटणं पाठ केली असती. मी व्हायोलिन ऐकत बसलो. अख्खी संध्याकाळ! मधेच उठायचो, जुन्या कीबोर्डवर कापड टाकायचो, पुन्हा येऊन बसायचो. त्याला बघवणार नाही असं काहीतरी वाटत होतं.

आता तलवाड्याकडं येतो.

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सूर कुठून धरायचा ती जागा. आमच्यात तिला पेटीच्या पट्ट्यांवरून नाव असतं: पांढरी एक, काळी दोन, असं. मंगलताईंची पट्टी काळी चार. पण मी आळशी माणूस. सगळी गाणी मी सोप्या पांढरी एकवरूनच वाजवतो आणि ट्रान्सपोजच्या बटणानं अख्खं मशीन खाली किंवा वर सरकवून घेतो. ताईंसाठी उणे चार. बोटं पांढरी एकवर नाचतात, कर्ण्यातून काळी चार निघते. ही लबाडी या धंद्यातले बरेच जण करतात. बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. गाणं रंगात आलं की कुणीतरी नोट घेऊन स्टेजकडं येतो. त्या क्षणी वाजप एका झटक्यात थांबलं पाहिजे. नाव पुकारायचं: "अमुक तमुक यांच्याकडून मंगलताईंना बक्षीस!" टाळ्या. मग सोडलेल्या ओळीवरून पुन्हा सुरू. थांबायला एक ठोका उशीर झाला तर देणाऱ्याचं नाव वाजपात बुडतं, आणि नाव बुडालं की माणूस रुसतो. म्हणून माझ्या डाव्या हाताची करंगळी कायम कोपऱ्यातल्या स्टॉपच्या बटणाजवळ असते. नोट दिसली की बोट आपोआप पडतं. डोक्याला विचारत नाही.

नव्या मॉडेलमध्ये स्टॉपचं बटण त्या कोपऱ्यात नव्हतं. त्या कोपऱ्यात ट्रान्सपोजचं होतं. अधिक एक.

मी उणे चार लावून दिलं आणि ताईंनी गवळण धरली. पहिली नोट आली. करंगळी पडली. वाजप चालूच! मी दचकलो, स्टॉप शोधला, सापडला, दाबला. नाव थोडंसं बुडालं, पण निभलं. मी मनात म्हणालो, कोपऱ्यातलं बटण बहुतेक कशाचंच नाही. पुन्हा सुरू केलं. मशीन गुपचूप एक पायरी वर सरकलं होतं. बोटं त्याच पट्ट्यांवर, त्यामुळं बोटांना पत्ता नाही. कान होते, पण ते पुढची स्टाइल शोधण्यात गुंतले होते.

तलवाड्यात त्या दिवशी दोन गट होते, दोन्ही पुढाऱ्याचेच. एकानं बक्षीस दिलं की दुसऱ्याला उठावं लागायचं, आणि दोघांना तीच गवळण, तीच ओळ हवी. दुसरी नोट. करंगळी. शोधाशोध. स्टॉप. तिसरी नोट. करंगळी. ताईंचा सूर प्रत्येक नावानंतर एक पायरी वर. लोकांना वाटलं, बाई आज भलत्याच फॉर्मात आहे. शिट्ट्या सुरू झाल्या. शिट्ट्या वाढल्या म्हणून बक्षिसं वाढली. बक्षीस आलं म्हणून पट्टी वाढली. मी घामाघूम होऊन स्क्रीन चाळतोय, आणि शेजारी भागवत पाना फिरवतोय. ढोलकी गाणाऱ्याच्या सुरात लावलेली असते. सूर चढला की तिला आवळून वर न्यावं लागतं. त्याला वाटत होतं कातडं सैल पडतंय.

चौथ्या नावानंतर मी सुरू केलं आणि ताईंनी पहिली तान घेतली. गळ्याच्या शिरा मला मागूनसुद्धा दिसल्या. भागवतनं एक कडक थाप मारली आणि ढोलकीची कातड्याची पुडी टरकन फाटली.

ताईंनी हात वर करून टाळ्या घेतल्या, माइक पाठीमागं धरला आणि माझ्याकडं वळल्या. "मास्तर, कुठली पट्टी हाय ही?"

"काळी चार, ताई."

"मला येडी समजता का?"

मी पहिल्यांदा ट्रान्सपोजचा आकडा नीट बघितला. शून्य. मघाशी स्टॉप शोधतानाही ते नजरेखालून गेलं होतं आणि बरं वाटलं होतं. शून्य म्हणजे सगळं जागेवर! तिथं उणे चार पाहिजे होतं. म्हणजे ताई पांढरी एकवर गात होत्या, चार पायऱ्या वर, आणि त्यांना तिथं ढकलणारा मी होतो.

"खाली घेतो," मी पुटपुटलो.

"हात लावू नका." आवाज बारीक, पण डोळे असे की मी हात मांडीखाली घातला. "आता उतरलं की लोक म्हणतील बाई दमली. वाजवा."

आणि त्यांनी ती गवळण तिथूनच संपवली. ढोलकीशिवाय. मांडव उभा राहिला. पुढाऱ्यानं खाली येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, काय मशीन आणलं राव!"

रविवारी चकलांब्याला हळदीचा कार्यक्रम होता. ताई आल्या तेव्हा गळ्याला फडकं गुंडाळलेलं, तोंडात ज्येष्ठमध. बोलल्या तर गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज. यजमानांनी पाहुण्यांना मंगलताई येणार म्हणून सांगून ठेवलेलं. नवा कीबोर्ड मी घरीच ठेवला होता आणि जुना आणला होता, एवढीच माझ्या पदरची पुण्याई.

"काळी तीन लावतो," मी म्हणालो. उणे सहा. त्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवशी मी स्क्रीनकडं बघितलंच नाही. तिच्यात दिसतही नव्हतं काही. ताईंच्या तोंडाकडं बघत होतो. ओळ वर चढायला लागली आणि भुवई उचलली की मी बासरी पुढं आणायचो आणि वरचा सूर आपण घ्यायचो. त्या खालून शब्द तेवढे सोडायच्या. श्वास संपतोय असं दिसलं की फौज थांबवायचो, कुणीतरी बक्षीस दिल्यागत. भागवतनं उसन्या ढोलकीवर हळू हात ठेवला. कार्यक्रम पार पडला. यजमानीणबाई म्हणाल्या, "आज लई गोड, सौम्य गायलात ताई." ताईंनी हात जोडले. बोलता येत नव्हतंच.

परतीला जीपमध्ये भागवत पुढं बसला, माझ्याशी न बोलता. ताई मागं माझ्याशेजारी. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काल तुमी माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई."

मी मांडीवरच्या कीबोर्डचं कापड सारखं केलं.

"मी मान हलवत होते, हात दाखवत होते. तुमी आपले बटणं धुंडायलेत. मला वाटलं, मी एकटीच गायलेय."

एवढी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

"उद्या परत करून टाकतो ते मशीन," मी म्हणालो. "आन् तुमी कड्याला गेलात तरी माझं काही म्हणणं न्हाई."

"परत कावून करता? आवाज चांगला हाय त्याचा." त्यांनी ज्येष्ठमध या गालातून त्या गालात सारलं. "हात खराब हाय. ठेवून घ्या. पण मी म्हणेपर्यंत मांडवात आणायचं न्हाई."

कीबोर्ड ठेवून घेतला. आवाज परत येताच ताई दुपारी आमच्या घरी यायला लागल्या. मी वाजवायचो, त्या समोर बसून गायच्या आणि मधेच, कुठंही, ओरडायच्या, "बक्षीस!" मी स्क्रीनकडं बघितलं की ती ओळ पहिल्यापासून. बायकोला हा खेळ फार आवडला. ती स्वयंपाकघरातून पुकारायची, "कुकरकडून मंगलताईंना बक्षीस!" शेजारची माणसं दारात येऊन नावं सुचवायला लागली. भागवत राग सोडून एकदा आला आणि खिडकीतून बोंबलला, "फाटलेल्या पुडीकडून मास्तरला बक्षीस बे!" करंगळी महिनाभर जुन्या कोपऱ्यात पडत राहिली. मग हळूहळू सुधारली. संबळची स्टाइल मात्र दुकानदार म्हणाला तशी जवळजवळच वाजली. ती मला पुन्हा बसून बनवावी लागली.

पाडवा या सगळ्यात मधेच येऊन गेला. त्या दिवशी ताईंनी कड्याच्या पार्टीला नाही म्हणून कळवलं. मी भीत भीत कारण विचारलं.

"तिथल्या पोराला पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमी निम्मे तरी शिकलेले हायेत."

आता आसपासच्या पार्ट्यांमधले वाजवणारे मला विचारतात, नवं मॉडेल घ्यावं का? मी म्हणतो, घ्या. दुकानात व्हायोलिन ऐकू नका. डोळे मिटा, कुणालातरी ओरडायला सांगा, आणि वाजप थांबवून दाखवा. थांबलं तर मांडवात न्या. नाहीतर आधी गाणाऱ्या बाईंना महिनाभर घरी जेवायला आणि 'बक्षीस!' ओरडायला बोलवा.