चार्जरशेजारची बाटली

लालबागच्या मनू परबाला पोस्टरांचा वीट आला होता. चिंचपोकळीच्या एका संस्थेत तो अकरा वर्षं समुपदेशक. एमडी पावडरीची नशा करणाऱ्या पुरुषांना एचआयव्हीपासून वाचवायचं, हे त्याचं काम. भिंतीवर हसरी जोडपी आणि खाली 'सुरक्षित राहा'. अरे, पूड नाकात गेल्यावर तीन-तीन दिवस न झोपणारा, कोणाबरोबर निजलो हेही न आठवणारा माणूस पोस्टर वाचतो होय? एसीत बसून पाजळलेली अक्कल सगळी.

मनूची रीत वेगळी. असा माणूस जेवण विसरतो, पण फोन चार्जिंगला लावायला विसरत नाही. म्हणून एचआयव्ही टाळणारी रोजची गोळी चार्जरशेजारी ठेवायची. त्याच्याकडे येणाऱ्या विनीत सावंतला ही युक्ती लागू पडली. अडचण एकच, चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि आई लक्ष्मी. तिने लेबल कोणाकडून वाचून घेतलं की दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळणार. तेव्हा मनूच म्हणाला, "व्हिटॅमिनच्या बाटलीत भर. विचारलं तर सांग, ताकदीच्या आहेत."

ताकदीच्या गोळ्या! चाळीतली बाई त्या एकट्या लेकाला कशी खाऊ देईल? शेजारच्या सुभद्राकाकूंचे गुडघे धरलेले. लक्ष्मीने निम्म्याहून अधिक गोळ्या त्यांना दिल्या आणि बाटली उणी दिसू नये म्हणून दवाखान्यातल्या व्हिटॅमिनच्या पांढऱ्या गोळ्या भरल्या. दर महिन्याला हेच. विनीत नशेत हाताला लागेल ती गिळायचा. पण गिळायचा रोज, इमानेइतबारे.

तीन महिन्यांनी तपासणीत एचआयव्ही निघाला. विनीतने घरी जाऊन आईला बाटलीबद्दल विचारलं, तर तिने काकूंचे गुडघे कसे सुधारले ते कौतुकाने सांगितलं. विनीतने परत येऊन सगळं मनूला सांगितलं.

संस्थेच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'रुग्णाचा हलगर्जीपणा'. सल्ला माझा होता, असं मनू म्हणाला, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून समजावलं की असलं काही लिहिलं तर प्रकल्पच बंद होईल. मनूने ती ओळ खोडली आणि आपलं नाव लिहिलं.

विनीत बाहेर बाकावर बसला होता.

"मनूदा, आईला काय सांगू?"

उत्तर मनूच्या जिभेवर तयार होतं, आणि तेही खोटंच होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.