झाडाखालचा डाग

पन्नाशी उलटल्यावर मी रंगीत लिनोछपाई शिकायला लागले. गंगापूर रोडला एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण जमायचो. माझ्या शेजारी बसणारे काका एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं हरसूलची गाडी चालवलेली. आता हात थरथरायचा, तरी कोरणी सोडत नव्हते.

लिनो म्हणजे कोरता येणारा, रबरासारखा मऊ पत्रा; त्याचा तुकडा एकच. आधी त्यावरून सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग जे पिवळंच राहायला हवं तेवढं कोरून टाकायचं आणि त्याच तुकड्यावरून तांबडा छापायचा. पुन्हा कोरायचं, शेवटी काळा. कोरलेल्या जागी रंग लागत नाही, आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही.

काका हरसूलचा बाजार करत होते. चिंचेचं झाड, टोपल्या, कडेला बैल. शेवटच्या काळ्यासाठी कोरताना त्यांचा फोन वाजला, म्हणून ते गॅलरीत गेले. मला त्यांच्या तुकड्यावर, झाडाच्या बुंध्याशी, एक ओबडधोबड डाग कोरायचा राहिलेला दिसला. हात थरथरतो, जमलं नसेल, असं वाटलं. दोन मिनिटांत मी तो साफ केला. खरं सांगायचं तर मनातून खूशही झाले.

काका आले. चष्मा लावून बघत राहिले.

"इथलं कुणी काढलं?"

"मी. राहिलं होतं ना, काका."

"राहिलं नव्हतं, ताई. ती आमची मंडळी होती. लग्नाआधी तिथंच बसायची, मिरच्या घेऊन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्यानं काळा रंग लावला आणि कागद छापले. "वर्ष झालं, ती खाटेवरून उठलेली नाय," जाताना म्हणाले. "तिला दाखवायचं कबूल केलंय."

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. मी नवा लिनो घेऊन पंचवटीत त्यांच्या घरी गेले. चित्र खाटेसमोरच्या भिंतीवर लावलं होतं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या.

"ह्या क्लासातल्या ताई," काकांनी सांगितलं.

"ह्यांनी लय छान केलंय," काकू मला म्हणाल्या. "पण झाड हाय, टोपल्या हायेत, मी कुठंच नाय."

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "त्या दिवशी तू आलीच नव्हतीस बाजाराला. मी गाडी लावून किती वेळ वाट बघितली."

काकू भिंतीकडे बघत राहिल्या. माझ्या हातातला चहा निवून गेला.

काका जिन्यापर्यंत सोडायला आले. मी लिनो पुढे केला. "पुन्हा करा, काका. मी कशाला हात लावणार नाही."

त्यांनी तो घेतला नाही. "हाताला आता नाय जमायचं. तुम्ही शिका."

मी शिकत राहिले. हात बसलाय, असं बाई म्हणतात. पण त्या दिवशी काकूंना खरं सांगायला हवं होतं की गप्प राहिले तेच बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.